पापुद्र्याखालचे लाकूड : कुवेतमध्ये पाहिलेल्या एका वित्रीनची गोष्ट

आपल्या बेटावरील कोणत्याही मराठी घरात पाऊल टाका, बैठकीच्या खोलीत वित्रीन दिसणारच. भारतातले पाहुणे तिला शोकेस म्हणतात, पण आपण सर्वजण फ्रेंच शब्दच वापरतो. तिच्यात लग्नात आलेला चहाचा संच असतो, ज्यातून आजवर कोणी चहा प्यायलेले नसते. मुलांची बक्षिसे असतात, पितळेची लहान समई असते, मागे आजोबांचा फोटो टेकवलेला असतो. किल्ली आईजवळ असते, आणि काचेला बोटे लावायची नाहीत हा मुलांना शिकवलेला पहिला नियम असतो.

ही वित्रीन मूळची कोठली? तिच्या अंगावरची लाकडी फुले कोणी बसविली, सोनेरी पाने कोणी ओतली? इतकी वर्षे शिक्षकी करूनही आम्हांला हे प्रश्न कधी पडले नव्हते. ते पडले कुवेतमध्ये, एका मराठी सुताराच्या कारखान्यात. तेथे जे पाहिले व ऐकले ते वाचकांना सांगावे, म्हणून आजचा हा लेख.

पेटारा आणि वित्रीन

आमची भाची व जावई कुवेतला असतात. शाळेच्या वर्षअखेरच्या सुट्टीत त्यांच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. डिसेंबरात तेथे थंडी असते, हे ऐकून होतो. पण सकाळी अंगावर शाल घ्यावी लागेल असे वाटले नव्हते.

कुवेत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू, तेल आणि उंच इमारती येतात. पण हा देश मुळात दर्यावर्दी लोकांचा. बुरगान येथे तेल सापडले १९३८ साली, आणि तेलाचे पहिले जहाज परदेशी गेले १९४६ साली. त्याआधी समुद्रातून मोती काढणे, जहाजे बांधणे आणि व्यापार करणे हाच येथील लोकांचा उद्योग होता. ‘बूम’ नावाची त्यांची शिडाची जहाजे बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला व मलबार किनाऱ्याला जात. परत येताना सागवान, तांदूळ, मसाले आणि कापड आणीत. कुवेतची जहाजे ज्या सागवानाची होत, ते हिंदुस्थानचेच. १९६१ साली कुवेती दिनार आला, तोपर्यंत तेथील बाजारात रुपयाच चालत असे.

मुबारकिया नावाच्या जुन्या बाजारात हिंडताना एका दुकानात आम्ही एक मोठा पेटारा पाहिला. लाकूड काळसर, आणि पुढच्या अंगावर पितळी खिळे ठोकून फुले व चांदण्या काढलेल्या. कुवेती लोक त्याला ‘संदूक मुबय्यत’ म्हणतात. पूर्वी नवरीचे कपडे व दागिने अशा पेटाऱ्यात राहत. मुंबई आणि सुरतेकडच्या कारागिरांनी केलेले असे कितीतरी पेटारे जहाजांतून येथे आले.

तेलाचा पैसा आल्यावर घरे बदलली. शहराभोवतीची मातीची तटबंदी १९५७ साली पाडली गेली, जुनी मातीची घरेही हळूहळू गेली आणि मोठमोठे बंगले उठले. नवरीचा पेटारा मागच्या खोलीत गेला आणि दिवाणखान्यात युरोपातील सोनेरी फर्निचर आले. त्या दिवाणखान्याला तेथे ‘दिवानिया’ म्हणतात. संध्याकाळी पुरुषमंडळी तेथे जमतात, कॉफी पितात, बोलतात. अशाच एका दिवानियातील वित्रीन आम्हांला पाहायला मिळाली. पण दिवानियात नव्हे, दुरुस्तीच्या टेबलावर.

मेस्त्रींची भेट

आज कुवेतमध्ये सुमारे १० लाख भारतीय राहतात. त्यांत मराठी माणसेही पुष्कळ. जावईबापूंच्या ओळखीचे एक मेस्त्री शुवैख भागात लाकूडकाम करतात. मोटारींची गॅरेजे आणि नाना तऱ्हेचे कारखाने असलेला हा भाग. मेस्त्री मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे. आपले पूर्वज ज्या मुलुखातून आले त्यांपैकीच हा एक. आम्ही मॉरिशसचे आणि मराठी शिकवतो, हे कळताच त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली.

“म्हणजे किती पिढ्या झाल्या, गुरुजी?”

“आमची पाचवी,” आम्ही म्हणालो.

“आणि अजून मराठी बोलता!” एवढे बोलून त्यांनी स्वतः स्टूल पुसून दिले व चहा मागवला.

समोर वित्रीन उभी होती. माणसाच्या उंचीची, पोट किंचित पुढे आलेले, पाय हरणाच्या पायासारखे वळणदार. बाजूच्या काचादेखील वाकविलेल्या होत्या. दाराच्या वरच्या भागात काच, खालच्या भागात लाकडातच बसविलेली फुलांची परडी. खांद्यावर, गुडघ्यावर, पावलावर सोनेरी पानांची नक्षी. माथ्यावर संगमरवराची फरशी असे, ती काढून भिंतीला टेकवली होती. परडीतील दोन फुले उचकटून वर आली होती, एक सोनेरी पान नाहीसे झाले होते, आणि दाराच्या एका कडेला खोल खोक होती.

“राजाच्या वेळची आहे काय?” आम्ही विचारले.

मेस्त्री हसले. “राजाच्या वेळची तऱ्हा आहे, वस्तू नंतरची. सगळे तसेच समजतात.”

गोष्ट अशी आहे. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकात, वळणदार फर्निचरची ही पद्धत बहरली. परंतु चहूबाजूंनी काच असलेले शोभेचे कपाट घरोघर आले ते एकोणिसाव्या शतकात. कारखाने वाढले, काच स्वस्त झाली, व्यापाऱ्यांकडे पैसा आला आणि राजाकडे होते तसे आपल्याकडेही असावे असे लोकांना वाटू लागले. मग पॅरिसच्या कारागिरांनी जुन्या तऱ्हेची नवी कपाटे केली. म्हणून ती हलकी असे मात्र नाही. फ्रान्स्वा लिंक हा असाच एक कारागीर, १८५५ साली बोहेमियात जन्मलेला. १८७५ साली तो पॅरिसला आला. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने आपले सारे धन पणाला लावून फर्निचर मांडले आणि सुवर्णपदक मिळविले. पुढे १९२० नंतरच्या वर्षांत इजिप्तचा राजा फुआद याच्या अलेक्झांड्रिया येथील रास अल-तीन राजवाड्यासाठी त्याच्याकडे फार मोठे काम आले.

इजिप्तमधील दमिएत्ता शहरातील सुतारांनी हीच सोनेरी तऱ्हा उचलली. फुआदचा मुलगा राजा फारूक याच्या नावावरून लोक तिला थट्टेने ‘लुई फारूक’ म्हणू लागले. आखाती देशांतील दिवाणखान्यांना सोनेरी फर्निचरची जी आवड लागली, तिच्या मागे युरोपाइतकाच इजिप्तचाही हात आहे. आमच्यासमोरची वित्रीन मात्र युरोपातील होती. घरमालकांच्या वडिलांनी ती १९६० च्या सुमारास बैरूतहून आणली होती.

लाकडाची कातडी

मेस्त्रींनी उचकटलेल्या फुलाखाली पातळ सुरी घातली आणि आम्हांला जवळ बोलावले.

“बघा गुरुजी. हे लाकूड नव्हे, लाकडाची कातडी आहे. पापुद्रा. खाली ओकची साधी फळी आहे.”

आम्हांला थोडे वाईट वाटले. म्हणजे इतके सुंदर दिसते ते केवळ वरवरचे? स्वस्त फळीवर महाग लाकूड चिकटवून लोकांना फसवायचे?

“नाही, फसवणूक नव्हे,” मेस्त्री म्हणाले. “उलट तीच विद्या आहे.”

त्यांनी समजावून सांगितले ते शिक्षकालाही शिकण्यासारखे होते. लाकूड कापले तरी मरत नाही. हवा दमट झाली की ते रुंदीत फुगते, कोरडी झाली की आकसते. मौल्यवान लाकडे बहुधा लहान बुंध्याची, वेड्यावाकड्या रेषांची. त्यांच्या जाड फळ्यांचे कपाट केले तर ते वाकेल, तडकेल. म्हणून शांत स्वभावाच्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर नक्षीच्या लाकडाचा पातळ थर सरसाने बसवायचा. पूर्वी हा थर हातकरवतीने कापीत, तेव्हा तो एक ते दोन मिलिमीटर जाड असे. पुढे यंत्राने त्याहून पातळ निघू लागला. एकाच झाडाचे लागोपाठचे दोन थर पुस्तकासारखे उघडून शेजारी ठेवले की उजवी आणि डावी बाजू आरशात पाहिल्यासारखी जुळते. फुलांच्या पाकळ्या वेगवेगळ्या लाकडांच्या. सावली दाखवायची असेल तर त्या पाकळीची कड गरम वाळूत भाजून काळसर करतात.

या वित्रीनवरचे गुलाबी रेषांचे लाकूड ब्राझीलचे, ज्याला फ्रेंचमध्ये ब्वा द रोझ म्हणतात. पण आम्हांला गुलाबी रंग कोठेच दिसेना. सगळे मधासारखे पिवळसर होते. तेव्हा मेस्त्रींनी कुलपाची पितळी पट्टी काढून दाखविली. तिच्याखाली, जेथे शंभराहून अधिक वर्षे ऊन पोहोचले नव्हते, तेथे बोटभर जागेत मूळ रंग होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा. बाहेरचा रंग उन्हाने नेला होता.

वर जी चकाकी होती तिच्याविषयी विचारले, तर मेस्त्री म्हणाले, “ती आपल्याकडची. चपड्याची.” जिला फ्रेंच पॉलिश म्हणतात ती स्पिरिटात विरघळवलेली लाख, आणि लाख येते भारताच्या जंगलातील झाडांवरच्या किड्यांपासून. ब्राझीलचे लाकूड, युरोपची फळी, भारताची लाख. एका कपाटावर किती देशांचे हात!

आपले काळे लाकूड

परडीभोवती केसासारखी बारीक काळी रेघ होती. तिच्यावर बोट ठेवून मेस्त्री म्हणाले, “जुन्या चांगल्या कामात ही रेघ एबनीची असते. स्वस्त कामात साधे लाकूड काळे रंगवतात.”

एबनी म्हटल्यावर आमचे कान टवकारले. आपल्याकडे फर्निचर करणाऱ्या कुशल सुताराला एबेनिस्त म्हणतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. हा शब्द एबेन, म्हणजे काळे लाकूड, यावरून आला. सतराव्या शतकात युरोपातील श्रीमंतांना काळ्या लाकडाच्या कपाटांचे वेड लागले. हे लाकूड कठीण आणि महाग. त्याचे पापुद्रे काढून बसविण्याची कला ज्यांना साधली ते पॅरिसचे सुतार एबेनिस्त झाले. पुढे काळ्या लाकडाची आवड ओसरली, गुलाबी व जांभळी लाकडे आली, पण नाव तेच राहिले.

आणि हे काळे लाकूड जेथून जाई त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे आपले बेट. डच लोकांनी १५९८ साली आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस म्हटले. १६३८ साली आग्नेयेकडील मोठ्या बंदराजवळ, आजच्या व्ह्यू ग्रां पोर येथे, त्यांनी वसती केली ती मुख्यतः एबेन तोडण्यासाठी. आद्रियान व्हान डेर स्टेल हा गव्हर्नर १६३९ साली आला. त्याच्याच काळात जावा बेटावरून ऊस आला, हरणे आली; आणि मादागास्करहून गुलाम आणले गेले, झाडे तोडण्यासाठी व ओंडके समुद्रापर्यंत ओढण्यासाठी. डच १७१० साली निघून गेले, मग फ्रेंच आले, मग इंग्रज. जंगल गेले आणि त्याच्या जागी ऊस उभा राहिला. १८३४ सालापासून आपले पूर्वज आले ते त्याच उसासाठी.

शाळेत आम्ही मुलांना डोडो पक्ष्याची गोष्ट दर वर्षी सांगतो. एबेनची गोष्ट मात्र आम्ही कधी सांगितली नव्हती. आज बेटाच्या मूळ जंगलाचा २ टक्क्यांहूनही कमी भाग चांगल्या स्थितीत उरला आहे. इल ओ झेग्रेत या लहानशा बेटावर व शामारेलच्या डोंगरात एबेनची झाडे जपली जात आहेत, नवी लावली जात आहेत. मुलांना सहलीला न्यायचे तर तेथे अवश्य न्यावे.

मेस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते काही वेळ त्या काळ्या रेघेकडे पाहत राहिले. “म्हणजे आमच्या धंद्याचे नाव तुमच्या झाडावरून पडले,” ते म्हणाले.

पॅरिसचे हे एबेनिस्त तरी कोण होते? पुष्कळसे परदेशातून पोटासाठी आलेले. फोबूर सेंत आंत्वान या वस्तीत जर्मन सुतारांची मोठी भरती होती. झां-आंरी रिझनर हा त्यांतलाच, १७३४ साली जर्मनीत जन्मलेला. ओबेन या दुसऱ्या जर्मन कारागिराने १७६० साली राजासाठी एक लिहिण्याचे मेज सुरू केले. ते पुरे होण्याआधीच तो वारला आणि १७६९ साली रिझनरने ते पुरे केले. ते मेज आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. राजाचे सर्वांत नावाजलेले मेज अशा दोन परक्या माणसांनी घडविले. कुवेतमधील आमचे मेस्त्री त्यांच्याच बिरादरीतले, असे आम्हांला वाटले.

सोन्याची किंमत

आता सोनेरी पानांविषयी. ती सोन्याची नसतात; आत कांसे असते आणि वर सोन्याचा मुलामा. पॅरिसमध्ये कायदाच असा होता की लाकडाच्या कारागिराने कांसे ओतायचे नाही. ओतणारे वेगळे, छिन्नीने रेषा उठविणारे वेगळे, मुलामा देणारे वेगळे. १७९१ साली हे संघ मोडले तोपर्यंत हा नियम होता.

मुलाम्याची जुनी रीत भयंकर होती. सोन्याचा चुरा पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो कांशावर माखायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जाई, सोने राही. उडालेला पारा जाई कोठे? कारागिराच्या छातीत. हात थरथरू लागत, दात पडत, आणि अनेकांचे आयुष्य अकालीच संपे. एकोणिसाव्या शतकात, १८४० नंतर, विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत पसरली आणि ही जुनी रीत मागे पडत गेली. जुन्या मुलाम्याला इंग्रजीत ऑर्मोलू म्हणतात. तो शब्दही फ्रेंचच, ‘दळलेले सोने’ या अर्थाचा.

“म्हणून सांगतो,” मेस्त्री म्हणाले, “पितळ घासायच्या पॉलिशने हे कधी घासू नये. सोने केसापेक्षाही पातळ आहे. दोनदा घासले की गेले.”

मुलाचा आग्रह

येथवर सर्व ठीक होते. अडचण निराळीच होती. घरमालक वृद्ध झाले होते. त्यांच्या मुलाने वित्रीन दुरुस्तीला आणली होती, कारण घरात लग्न होते. त्याचे म्हणणे असे की लाकूड काचकागदाने घासून नव्यासारखे करा, आणि सगळी पाने सोनेरी रंगाने रंगवून टाका. झळाळी आली पाहिजे. तसे केले तर दोन दिवसांचे काम. मेस्त्रींच्या पद्धतीने केले तर महिना.

“दुसऱ्या कोणाकडे गेला असता तर आतापर्यंत रंगवूनही झाली असती,” मेस्त्री म्हणाले. काही वर्षांपूर्वी असेच एक कपाट त्यांच्याकडे आले होते. कोणीतरी आधीच यंत्राने घासलेले. फुलांची नक्षी अर्धी नाहीशी होऊन खालचा ओक दिसू लागला होता. “ते मी हातात घेतलेच नाही. गेलेले लाकूड कोठून आणणार?”

मुलगा व वडील दोघेही त्या दुपारी येणार होते, म्हणून आम्ही थांबलो. वडील काठी टेकीत आले. मेस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी खांद्यावरचे एक काळवंडलेले पान आदल्या दिवशी मऊ कापडाने आणि किंचित ओलाव्याने स्वच्छ करून ठेवले होते. त्याच्या शेजारी त्यांनी बाजारातील सोनेरी रंग लावलेला लाकडाचा तुकडा धरला आणि दार उघडून दोन्ही उजेडात नेले. जुने पान कोठे झगमगत होते, कोठे मंद होते. शिरा दिसत होत्या. रंगाचा तुकडा सगळीकडे सारखाच पिवळा. मुलगा काही बोलला नाही.

मग मेस्त्रींनी दारावरच्या खोक पडलेल्या जागेविषयी विचारले. वडिलांनी अरबीत उत्तर दिले, ते जावईबापूंनी आम्हांला सांगितले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. ते कुटुंब त्या वेळी देशाबाहेर होते. परत आले तेव्हा वित्रीनमधील सर्व वस्तू गेल्या होत्या. वित्रीन जड म्हणून जागेवर राहिली होती; दार तेवढे कशाने तरी उचकटले होते.

त्या सात महिन्यांत कुवेतने काय गमावले, याची एक खूण राष्ट्रीय संग्रहालय. १९८३ साली तेथे इस्लामी कलेचे मोठे दालन उघडले होते. वस्तू बगदादला नेल्या गेल्या, त्यांतील बहुतेक पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मार्फत परत आल्या. पण इमारतीला आग लावली गेली आणि मोरोक्कोच्या फेझ शहरातील चौदाव्या शतकातील लाकडी दारे जळून गेली. ती हलविता येण्याजोगी नव्हती. याउलट जाब्रिया भागातील तारिक रजब संग्रहालय वाचले. १९८० साली सुरू झालेले हे संग्रहालय एका घराच्या तळघरात होते. चालविणाऱ्या कुटुंबाने आत जाण्याची वाट विटांनी बुजवून टाकली आणि जिन्यावर कचरा पसरला. सैनिकांना आत काही असेल असे वाटलेच नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. लाकूड घासायचे नाही, फक्त स्वच्छ करून लाखेचा हात द्यायचा. नाहीसे झालेले पान नवे ओतून बसवायचे. खोक भरायची, म्हणजे कड आणखी तुटणार नाही, पण तिच्यावर रंग चढवायचा नाही. मुलाला महिनाभर थांबणे जड गेले हे दिसत होते. लग्नाला वित्रीन नसेल, एवढेच तो जाताना म्हणाला.

कुवेतची हवा हीच वित्रीनची मोठी शत्रू, असे मेस्त्रींनी शेवटी सांगितले. २१ जुलै २०१६ रोजी तेथील मित्रिबा या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. बाहेर भट्टी आणि आत वातानुकूलन यंत्राची थंड कोरडी हवा. खालची फळी आकसते, वरचा पापुद्रा तसाच राहतो, आणि सरस सुटतो. जुना सरस प्राण्यांच्या कातड्याचा. थोडी ऊब व ओल दिली की तो मऊ होतो आणि पापुद्रा न मोडता पुन्हा बसविता येतो. हल्लीच्या गोंदाने चिकटविले तर पुढच्या कारागिराला तो सोडविता येत नाही. “माझ्यानंतर कोणीतरी उघडणार आहे, हे मनात धरून काम करावे लागते,” असे ते म्हणाले.

आमच्या घरची वित्रीन

परतीच्या विमानात आम्हांला आमच्याच घरची वित्रीन आठवत राहिली. आमचे आजोबा साखर कोठीवर काम करीत. १९६८ च्या सुमारास तेथल्या मोठ्या घरातील मंडळी बेट सोडून गेली, तेव्हा त्यांचे सामान विकले गेले. त्यात आजोबांनी एक जुनी वित्रीन घेतली. वळणदार पाय, कोपऱ्यांवर काळवंडलेली पाने. आजोबांनी तिच्यात चिनी मातीची भांडी ठेवली नाहीत. त्यांनी ठेवली आपली झाकडीच्या गाण्यांची वही, हाताने लिहिलेली, त्यांच्या वडिलांकडून ऐकून उतरवलेली. गणपतीच्या दिवसांत ती बाहेर निघे.

१९९४ साली होलांदा चक्रीवादळ आले. आमच्या छपराचा पत्रा उडाला, पावसाचे पाणी वित्रीनमध्ये शिरले. पापुद्रे फुगून वर आले. दोन-तीन महिन्यांनी दारावर आलेल्या एका व्यापाऱ्याला वडिलांनी ती अगदी थोड्या पैशांत दिली. खरे सांगायचे तर आग्रह आम्हीच धरला होता. शेजाऱ्यांकडे होती तशी चकचकीत, नवी वित्रीन आम्हां मुलांना हवी होती. ती आली. तिच्यात कपबशा आल्या. वही खोक्यात गेली, खोके अडगळीच्या खोलीत गेले. पुष्कळ वर्षांनी, शिक्षक झाल्यावर, आम्ही ते खोके उघडले तेव्हा आत वाळवीने ठेवलेला भुगा होता. वित्रीनचे दुःख आम्हांला फारसे नाही. ती कोणाच्या तरी दिवाणखान्यात उभी असेल. पण त्या वहीतील गाणी आता कोणालाही पुरी येत नाहीत. आत्याला दोन कडवी येत, तीही आता तिच्याबरोबर गेली.

वाचकहो, म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, ज्यांच्या घरी असे जुने कपाट आहे त्यांनी ते उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नये. सोनेरी पाने मऊ कोरड्या ब्रशने झटकावीत, पॉलिश लावू नये. पापुद्रा उचकटला तर तुटलेला तुकडा फेकू नये. कागदात गुंडाळून आतच ठेवावा, जाणता एबेनिस्त तो पुन्हा बसवील. सोनेरी रंगाचा डबा घरात आणूच नये. विकण्याआधी कपाटाची मागची बाजू, खणांचे सांधे आणि कुलपाची पट्टी जाणकाराला दाखवावी. तेथे कधीकधी कारागिराचे नाव असते.

दुसरी गोष्ट किल्लीची. या सुट्टीत ती आईकडून मागून घ्यावी. मुलांना जवळ बसवावे, काचेमागील एकेक वस्तू बाहेर काढावी आणि ती कोणी आणली, केव्हा आणली, हे मराठीत सांगावे. जे सांगता येत नसेल ते आजीला विचारावे, आणि आजीचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. ती वही मात्र खोक्यात ठेवू नये.

शाळा सुरू झाल्यावर आमच्या वर्गाला आम्ही हाच पहिला अभ्यास दिला आहे. बत्तीस मुलांपैकी एकोणीस मुलांनी वह्या आणल्या. बाकीच्यांनी सांगितले की किल्ली सापडत नाही. त्यांना आम्ही पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.